तोंडात तीन बोटं जातात का?



आज आम्ही जे बोलणार, ते काहींना रुचणार नाही. वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आम्ही तंबाखूच्या कायद्याचा कागद टाकला होता. २००३ चा कायदा. तंबाखूच्या जाहिरातीला मनाई, अठरा वर्षांखालच्या पोरांना विक्री नाही, शाळेपासून शंभर यार्डांत टपरी नाही. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ पासून, ई-सिगारेटवर देशभर बंदी २०१९ पासून. सगळं खरं, पण कागद कोणी उघडलाच नाही! त्याच मोबाईलवर सिनेनट वेलचीच्या नावाखाली पान मसाल्याचा छाप मिरवतात, ते मात्र पोरं पुन्हा पुन्हा बघतात.

पोरांना काय बोलायचं? आम्हीच कलमं वाचून दाखवत बसलो होतो.

मग आम्ही आमच्या आवाजात चार वाक्यं पाठवली. आरशापुढं उभं राहा, तोंड उघडा, तीन बोटं उभी आत जातात का बघा. सुपारी-गुटख्यानं गालाची आतली कातडी ताठरते, तोंड उघडेनासं होतं, त्यातून पुढं कॅन्सरही होऊ शकतो.

त्या रात्री भराभर उत्तरं आली. आपल्यातल्या एका माउलीची दोनच बोटं गेली. सुपारी त्या खातातच, वर मिश्री. त्यांनी विचारलं, "मिश्री म्हणजे तंबाखू का हो?" बाबांनो, तंबाखू भाजूनच मिश्री करतात, आणि हेच सांगायचं आमच्याकडून राहून गेलं होतं!

येत्या सोमवारी आम्ही त्यांना सरकारी दवाखान्यात नेणार आहोत. ज्यांची बोटं अडली, त्यांनी लाजू नये, बरोबर यावं. सवय सोडायची असेल तर पुडीवर छापलेला १८०० ११ २३५६ हा नंबर लावा, पैसे पडत नाहीत.