मधुचंद्राची आगबोट



लग्नानंतर आम्ही उभयतां आगबोटीने मुंबईहून मार्मागोवे करून कोचीला गेलो. “एवढा खर्च कशाला?” असे घरी झालेच, म्हणून तिकिटे दोघांच्या पगारातून निम्मी-निम्मी काढली.

कोचीत वास्को द गामाला १५२४ साली पुरले ते चर्च पाहिले, मट्टनचेरीचे १५६८ चे ज्यू प्रार्थनामंदिर पाहिले. पण मनात राहिली ती किनाऱ्यावरची चिनी जाळी. दोरांना धोंडे बांधून तोल साधलेला. तरी जाळे वर काढायला चार-सहा कोळ्यांना एकदम ओढावे लागते. तिथेच बसून आम्ही घरखर्चाचे आणि दोन्हीकडच्या आईवडिलांच्या जबाबदारीचे बोलून घेतले. भरल्या घरात एवढा निवांतपणा मिळाला नसता.

सासवांनो, सुनेला दागिना एखादा कमी घाला. पण हे चार दिवस अवश्य द्या.