खाडाखोडीची मुभा
(शिक्षक-पालक सभेतील भाषण)



आमच्या शाळांतून मुले निबंध लिहितात, असे म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः ती निबंध उतरवितात. फळ्यावरचे मुद्दे वहीत येतात, वहीतले उत्तरपत्रिकेत जातात, आणि ज्याची वही स्वच्छ तो हुशार ठरतो. खाडाखोड हा आम्ही अपराध मानला. पान पुन्हा लिहून काढावे लागेल या धाकाने मूल फसलेले वाक्य तसेच राहू देते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे.

संगणकाचा खरा उपयोग आम्हांस येथे दिसतो. पडद्यावर वाक्य खोडले तरी पान मळत नाही. परिच्छेद उचलून वर नेला तरी बाकीचे पुन्हा लिहावे लागत नाही. गूगल डॉक्ससारख्या साधनात मजकुराचे मागील मसुदे साठून राहतात व शिक्षकास समासात टीप देता येते. मुलाने कोणते वाक्य बदलले व का बदलले, हे आता पाहता येते. मात्र ते पाहण्यास वेळ काढला पाहिजे.

एक गोष्ट स्पष्ट बोलणे भाग आहे. रोमन अक्षरे दाबून मराठी उमटविण्याची सवय वर्गात आणू नये. 'दिन' की 'दीन' हे तेथे यंत्र सुचविते आणि मूल पहिले दिसेल ते स्वीकारते. इन्स्क्रिप्ट कळफलकावर स्वर डाव्या हाताशी, व्यंजने उजव्या हाताशी. 'कि' लिहावयाचा तर आधी क, मग वेलांटी. 'क्ष' हवा तर क, हलन्त, ष. उच्चाराचा जो क्रम तोच बोटांचा. वेलांटी पहिली की दुसरी, हा निर्णय मुलालाच घ्यावा लागतो. आरंभी गती मंद राहील, राहू द्यावी.

यंत्रे थोडी आहेत, ही तक्रार खरी. पण एका शाळेत आम्ही संगणकाची खोली पाहिली, तिला कुलूप होते. मुले यंत्रे बिघडवतील, हे कारण! एका यंत्रापुढे तीन मुले बसवा. एकाने सांगावे, दुसऱ्याने कळा दाबाव्यात, तिसऱ्याने हरकत घ्यावी. 'आजी आली' एवढे पुरे, की 'आजी धापा टाकीत आली' म्हणावे, यावरून त्यांचे भांडण जुंपले तर शिक्षकाने मध्ये पडू नये. निबंधाचा तास तेव्हाच सुरू झाला असे समजावे.

ज्याचा हात मंद पण जीभ चपळ, अशा मुलासाठी आणखी एक सोय आहे. 2017 पासून गूगलचे साधन मराठी बोलणे ऐकून लिहिते. पहिला मसुदा त्यावर होऊ द्या; विरामचिन्हे व परिच्छेद मुलाने स्वतः बसवावेत.

2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी आले, आणि सांगताच निबंध तयार होऊ लागला. पालक घाबरले. परंतु घरून आणलेल्या आयत्या निबंधास गुण देण्याची रूढी आम्हीच पाडली ना? पूर्वी तो गाईडातून येई, एवढाच फरक. पहिला मसुदा वर्गात, शिक्षकासमक्ष लिहवून घ्यावा आणि पुढील दुरुस्त्या त्यावरच कराव्यात.

पालकांस आमची विनंती आहे. शाळेत संगणक किती, एवढेच विचारून परतू नका. आठवड्यातून किती तास ती खोली मराठीच्या शिक्षकास मिळते, हे विचारा.