मागच्या बाकावरून दिसणारे न्यायालय
(माध्यमिक शिक्षकांसमोरील भाषणाचा मजकूर)



केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या शाळांत अकरावी-बारावीला विधि-अध्ययन हा ऐच्छिक विषय घेता येतो. तो घेतलेल्या वर्गाने एकदा तरी जवळचे न्यायालय पाहावे, ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. वर्ग जातो, परत येतो आणि 'आमची न्यायालय-भेट' या मथळ्याखाली वह्यांत इमारतीचे वर्णन उतरते. न्यायालय पाहिले म्हणजे नेमके काय पाहिले, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

बार्देश तालुक्यातील एखाद्या हायस्कुलाचा वर्ग म्हापशाच्या न्यायालयात गेला आहे, अशी कल्पना करावी. चित्रपटांनी मुलांच्या मनात न्यायालयाचे एक रूप आधीच ठसविलेले असते. त्यात वकील गर्जना करतो, साक्षीदार कोसळतो आणि न्यायाधीश लाकडी हातोडा आपटतात. आपल्या देशातील न्यायाधीशांच्या मेजावर असा हातोडा नसतोच, ही पहिली निराशा. त्यानंतर शिपाई नावे पुकारू लागतो. पक्षकार लगबगीने पुढे येतात, वकील दोन वाक्ये बोलतात, पुढील तारीख पडते आणि दुसरे नाव पुकारले जाते. अर्ध्या तासात मागच्या बाकावर जांभया सुरू होतात.

शिक्षकाचे काम येथूनच सुरू होते. तारीख का पडली, हे त्याने मुलांना विचारावे. पुष्कळदा असे असते, की समोरच्या पक्षाला समन्स पोचलेलेच नसते. बेलिफाने घरी जाऊन पाहिले, घर बंद आढळले, आणि तसा शेरा मारून त्याने कागद परत केला. समोरच्याचे म्हणणे ऐकण्याची संधी दिल्यावाचून त्याच्याविरुद्ध निर्णय द्यावयाचा नाही, हे तत्त्व पाठ्यपुस्तकात मोठ्या अक्षरांत छापलेले असते. न्यायालयात ते बेलिफाच्या त्या दोन ओळींच्या शेऱ्यात राहते. विलंबाचे समर्थन करण्याचा येथे हेतू नाही. विलंब हे आपल्या न्यायव्यवस्थेचे खरे दुखणे आहे आणि मुलांपासून ते लपविण्याचे कारण नाही. मात्र प्रत्येक तारीख म्हणजे टाळाटाळ, अशी समजूत घेऊन मुले परतली, तर भेट न घडलेली बरी.

दुसरी गोष्ट दाराची. न्यायालयाचे दार उघडे असते, ते सौजन्य म्हणून नव्हे. फौजदारी खटला चालतो ती जागा खुले न्यायालय समजली जावी, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३६६ सांगते. दिवाणी कामकाजासाठी १९७६ च्या दुरुस्तीने तशीच तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेत आली. १९६६ साली मिरजकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने या तत्त्वाचे महत्त्व सांगितले आणि त्याला अपवाद असू शकतात, हेही स्पष्ट केले. बलात्काराचे खटले आणि बालकांवरील लैंगिक अत्याचारांचे खटले बंद दालनात चालतात. तेथे वर्गाला जागा नाही, आणि का नाही, हे वर्गाला सांगितले पाहिजे. शाळेने आधी पत्र पाठवावे ते बाकांच्या सोयीसाठी. तीस-चाळीस मुले एका लहानशा दालनात मावत नाहीत.

आता कोणते काम पाहावे, हा प्रश्न. बहुतेक शाळांना फौजदारी खटला हवा असतो, कारण त्यात रंजन असते. परंतु गोवा हा लहान प्रदेश आहे. पिंजऱ्यात उभा असलेला माणस शेजारच्या वाड्यावरचा निघू शकतो, त्याची मुलगी त्याच वर्गात असू शकते. गुन्हा शाबीत होईपर्यंत तो निर्दोष मानावयाचा, हे वर्गात शिकविलेले सूत्र मधल्या सुटीतील कुजबुजीत किती वेळ टिकेल?

म्हणून दिवाणी न्यायालयाकडे वळावे, आणि त्यातही गोव्यातच पाहावयास मिळणाऱ्या कामाकडे, म्हणजे इन्व्हेंटरीकडे. पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता १८७० पासून येथे लागू झाली. तिच्यातील वारसाविषयक तरतुदींची जागा गोवा विधिमंडळाच्या २०१२ च्या कायद्याने घेतली असून तो २०१६ पासून अमलात आहे. जुनी चौकट मात्र बव्हंशी तीच राहिली. घरातील कर्ता माणूस वारला, की कुटुंबप्रमुख, जुन्या भाषेत 'काबेसा दे काझाल', शपथेवर सांगतो: मृत्यू केव्हा झाला, वारस कोण, मालमत्ता कोणती. मग यादी होते. घर, भाट, शेत, दागिने, बँकेतील ठेव. कोणी म्हणते, अमुक वस्तू यादीत आलीच नाही. मूल्य ठरते. त्यानंतर लिसितासांव, म्हणजे वारसांची आपापसातील बोली. ज्याची बोली मोठी, त्याच्याकडे ती वस्तू जाते, आणि हिश्श्याहून अधिक घेतलेल्याची भरपाई त्याने इतरांना रोख करावयाची असते. ज्या ओसरीवर सारी भावंडे एकत्र वाढली, त्या ओसरीची बोली भावानेच भावावर चढविलेली मुले येथे ऐकतात. आवाज कोणाचा चढत नाही. चित्रपटातल्या गर्जनेहून हे पाहणे अवघड आहे.

वर्गातील मुलींनी तर ते अवश्य पाहावे. येथे मुलगा आणि मुलगी यांचा वाटा कायद्याने सारखा आहे, आणि तो १८७० पासून आहे. हिंदू एकत्र कुटुंबातील मुलीला जन्मतः सहदायाद मानण्याची दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली आणि केंद्राने २००५ साली. अपत्यांना पूर्णतः डावलून सारी मालमत्ता बापाने मृत्युपत्राने दुसऱ्याला देऊन टाकावी, हेही येथे चालत नाही. कायद्याच्या बाबतीत गोमंतकीय मुलगी अशी भाग्यवान. पण विशेष नोटरीपुढे हक्क सोडल्याचे दस्तही होतात, आणि त्यांवर सही करणारी पुष्कळदा लग्न होऊन गेलेली बहीण असते. कधी ती मनापासून सही करते, कधी माहेर तुटू नये म्हणून. दस्तात या दोहोंतील फरक उमटत नाही. इन्व्हेंटरीत मात्र तिचे नाव पुकारले जाते आणि तिला स्वतःच्या तोंडाने बोलता येते. वकील परवडत नसेल, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत साहाय्य मिळते, हे त्याच आवारातील विधी सेवा समितीच्या कार्यालयात मुलींनी विचारून घ्यावे.

भाषेकडेही कान असावा. २००२ पासून दिवाणी दाव्यांत सरतपासणी प्रतिज्ञापत्रावर होते, म्हणून मुलांना ऐकू येते ती मुख्यतः उलटतपासणी. साक्षीदार कोकणीत किंवा मराठीत उत्तर देतो, न्यायाधीश ते इंग्रजीत लघुलेखकाला सांगतात. जुन्या भाटाचा कागद निघाला, तर तो पोर्तुगीजमध्ये असतो आणि त्याचे भाषांतर जोडावे लागते. १५४४ मध्ये स्थापन झालेल्या 'रेलासांव' या उच्च न्यायालयाची भाषा पोर्तुगीज होती. मुक्तीनंतर न्यायिक आयुक्तांचे न्यायालय आले, आणि १९८२ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ येथे आहे. एवढ्या उलथापालथीत साक्षीदाराची बोली तेवढी बदलली नाही. 'आमच्या आवयन सांगिल्लें' या तीन शब्दांचे इंग्रजीत काय झाले, हे मुलांनी टिपून ठेवावे. वकिलांचा अर्धा वाद कधीकधी तेवढ्यावरच चालतो.

शाळेत परतल्यावर निबंध लिहवून घेऊ नये. प्रत्येक मुलाने एका प्रकरणाचा रोजनामा लिहावा: कोण हजर होते, कोण नव्हते, काय झाले, पुढील तारीख कोणत्या कारणासाठी पडली. पाच-सहा ओळी पुरेत. पक्षकारांची नावे लिहू नयेत. एखाद्या मुलाने अथवा मुलीने आपल्याच घरचे प्रकरण ऐकले असेल, तर त्याची वही वर्गात वाचून दाखवू नये. शिक्षकाने ती तपासून परत द्यावी.