सुतळीच्या कडेवरचे रोप



काल संध्याकाळी इंदूरला राजवाड्यासमोर उतरलो, सराफ्यातून चालत आलो आणि वाटेत शेवेचे एक पाकीट घेतले. पाकीट हातात आले की मला माझी एक जुनी चूक आठवते. गणित आणि उद्योग यांच्या सहकार्याबद्दल जे काही मला कळले ते त्या चुकीतून कळले, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

एका नमकीन कारखान्याने मला बोलावले होते. पाकिटावर २०० ग्रॅम छापलेले. माल कमी भरला तर कायद्याच्या कचाट्यात सापडायचे, जास्त भरला तर नफा गेला. यंत्र किती ग्रॅमवर लावायचे, एवढाच प्रश्न होता. मी ओळीने पाकिटे तोलली, सरासरी आणि प्रमाण विचलन काढले, आकडा लिहून दिला. आठवड्याभरात कमी वजनाची पाकिटे निघू लागली. यंत्रावर काम करणाऱ्या बाईंनी मला बाजूला घेतले. "सर, तुम्ही तोललंत तेव्हा हॉपरमधला माल तळाला आला होता. तळाला चुरा बसतो, मग पाकीट जड होतं. वरची शेव अख्खी असते, ती हलकी भरते."

यंत्र वजन मोजतच नव्हते, पेल्याने माप टाकत होते. त्याच पेल्यात चुरा जास्त मावतो. मी प्रत्येक पाकीट दुसऱ्यापासून स्वतंत्र धरले होते. हे गृहीतक वर्गात मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आणि कारखान्यात ते तपासायला विसरलो. चूक गणिताची नव्हती, माझी होती.

गणित आणि उद्योग यांनी एकत्र काम करणे या शहराला नवे नाही. १९२४ साली इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री सुरू झाली. तिथल्या अल्बर्ट हॉवर्ड यांच्या कंपोस्ट पद्धतीमुळे इंदूरचे नाव जगभर गेले, ते आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच आवारात संख्याशास्त्राचे केवढे काम झाले, हे फारसे कुणी सांगत नाही, याची मला खंत वाटते. संस्थेला मध्य भारतातील संस्थानांचा आधार होता आणि इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीचा पैसा होता. या कमिटीत कापूस पिकवणारे, व्यापारी, जिनिंगवाले आणि गिरणीवाले एकत्र बसत. पैसा कापसावरच्या उपकरातून येई. म्हणजे गिरणीच्या दारातली गाठ संशोधनाचा खर्च भागवत होती. उद्योगाने संशोधनाला पैसे द्यावेत, ही कल्पना बाहेरून आणावी लागत नाही. ती आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी रुजली होती.

तिथे संख्याशास्त्रज्ञ व्ही. जी. पानसे काम करत. १९३७ साली कपाशीचे संशोधक हचिन्सन आणि पानसे यांनी कपाशीच्या वाणांची शेतात चाचणी घेताना प्रयोगाची मांडणी कशी असावी, यावर निबंध लिहिला. वाण अनेक, बियाणे मूठभर आणि जमीन एका टोकाला काळी तर दुसऱ्या टोकाला मुरमाड. चांगले पीक वाणामुळे आले की मातीमुळे, हे वेगळे काढायचे कसे? गिरणीला उत्तर हवे होते आणि शेतकऱ्यालाही. पुढे पानसे आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी मिळून लिहिलेले शेतीसंशोधकांसाठीचे संख्याशास्त्राचे पुस्तक १९५४ साली निघाले. कृषी विद्यापीठांतल्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या.

पानसे आणि सुखात्मे यांच्यापुढचा आणखी एक प्रश्न होता पिकाच्या अंदाजाचा. तोवर तो आणेवारीवर, म्हणजे नजरेवर चाले. त्याऐवजी चिठ्ठी टाकल्यासारखे शेत निवडायचे, खुंट्या ठोकून सुतळी बांधायची आणि आतले पीक कापून तोलायचे. याला आपण पीक कापणी प्रयोग म्हणतो. गहू एकदा कापला की झाले. कपाशीची बोंडे मात्र एका वेळी फुटत नाहीत, तीन-चार वेचण्या होतात. तेव्हा त्याच खुंट्यांमध्ये पुन्हा पुन्हा जावे लागते आणि मध्ये कुणी वेचून नेले नाही ना, तेही पाहावे लागते. ही अडचण कोणत्याही सूत्रात नव्हती.

आणखी एक अडचण कडेवरच्या रोपाची. सुतळी बरोबर रोपावरून जाते. ते आत धरायचे की बाहेर? पीक चांगले असले की हात नकळत ते आत ओढतो. आता हिशेब करा. २ फूट त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे साडेबारा चौरस फूट, आणि परीघही सुमारे साडेबारा फूट. म्हणजे प्रत्येक चौरस फुटामागे एक फूट कड. ३३ फूट बाय साडेसोळा फुटांच्या आयतात तीच कड चौरस फुटामागे पाव फुटाहूनही कमी. तुकडा जितका लहान तितका पिकाचा अंदाज फुगलेला. सुखात्म्यांनी हे शेतात कापून दाखवले. लहान वर्तुळांचा वापर करणारे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्याशी त्यांचा यावरून मोठा वाद झाला. दोघेही थोर माणसे, पण या एका मुद्द्यावर माझा कौल सुखात्म्यांना आहे. पीक विम्याची भरपाई बराच काळ याच कापणीवर ठरत आली. कडेवरच्या रोपाची किंमत शेतकऱ्याच्या खात्यात उतरते.

अशा अडचणी आधी ऐकून घेण्यासाठी ऑक्सफर्डमध्ये १९६८ साली गणिती आणि उद्योजक आठवडाभर एकत्र बसू लागले. सोमवारी कारखान्याचा माणूस आपली अडचण मांडतो, शुक्रवारी गणिती काय सापडले ते सांगतात. मला ही पद्धत फार आवडते, कारण पहिला दिवस ऐकण्याचा असतो. आपल्याकडे आयआयटी आहे, देवी अहिल्या विद्यापीठ आहे, अर्ध्या-पाऊण तासावर पीथमपूरची औद्योगिक वसाहत आहे. तरी आमचा संशोधक विद्यार्थी पाच वर्षांत एकदाही कारखान्याचे फाटक ओलांडत नाही, आणि कारखानदार आमच्याकडे येतो तो दीक्षान्त समारंभाला. प्राध्यापकाला आठवड्यातून एक दिवस कारखान्यात घालवू द्या आणि तो दिवस त्याच्या कामात धरा. कारखानदारांनीही सुबक तक्ते पाठवू नयेत. पाळीवरच्या माणसाची तेलाचे डाग पडलेली वही पाठवावी.

उद्याचे पहिले सत्र म्हणूनच या सभागृहात ठेवलेले नाही. सांवेरच्या वाटेवर एका शेतकऱ्याने आपला उभा गहू आपल्याला कापून पाहायला दिला आहे. अर्धे जण वर्तुळ आखतील, अर्धे आयत, आणि संध्याकाळी दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी लिहू. बस सात वाजता राजवाड्यासमोरून सुटेल. खुंट्या आणि सुतळी आमच्याकडे आहेत, विळे शेतकरी देणार आहेत. तराजू मात्र एकच आहे, ज्यांच्याकडे असेल त्यांनी कृपया बरोबर आणावा.