एका दिवसाचें नगर

श्रोतेहो, प्रवासास निघणारीं माणसें दोन प्रकारचीं असतात. कांहीं यादी करून निघतात, कांहीं शिदोरी बांधून. आमच्या मंडळींत यादीचें काम माझ्याकडे होतें. शिदोरीचें एका वृद्ध बाईंकडे. त्यांच्यामुळें माझी यादी कशी मोडली, तें आज आपणांस सांगावयाचें आहे.

पुण्याहून आम्ही तेवीस माणसें बसनें नगरला निघालों होतों. २०२४ सालीं या शहराचें नांव सरकारी दप्तरीं अहिल्यानगर झालें. अहिल्याबाईंचें जन्मगांव चौंडी याच जिल्ह्यांत आहे. तरी बसमध्यें जुन्या संवयीनें सर्वांच्या तोंडीं 'नगर'च होतें. माझ्या यादींत सहा स्थळें होतीं : चांदबिबीचा महाल, फराहबाग, दमडी मशीद, औरंगजेबानें १७०७ सालीं जेथें देह ठेवला तें भिंगारजवळचें आलमगीर, रणगाड्यांचें संग्रहालय आणि किल्ला. किल्ल्यास मीं अर्धा तास नेमून दिला होता.

प्रथम पाथर्डीच्या वाटेवरील डोंगर चढून महाल पाहिला. ती अष्टकोनी, तीनमजली वास्तु पाहून मंडळी खूष झाली. पण मीं सत्य सांगून त्यांचा विरस केला. लोक त्यास चांदबिबीचा महाल म्हणत असले, तरी ती आहे मुर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर. "मग चांदबिबी कोठें आहे?" असें एका मुलानें विचारलें. "किल्ल्यांत," मीं म्हटलें. आणि बस किल्ल्याकडे वळली.

किल्ला लष्कराच्या ताब्यांत आहे. दारांत प्रत्येकाचें ओळखपत्र पाहतां पाहतां माझा अर्धा तास तेथेंच सरला. हा कांहीं सह्याद्रीच्या माथ्यावरचा गड नव्हे. सपाट जमिनीवर वाटोळा तट आणि त्याभोंवतीं खोल, रुंद खंदक, एवढेंच त्याचें बळ. अहमद निजामशहानें १४९० च्या सुमारास नगर वसविलें; किल्ल्याचा दगडी तट हुसेन निजामशहानें १५५९ पासून पुढें बांधून काढला. १५९५-९६ च्या वेढ्यांत मोगलांनीं सुरुंगानें तट पाडला, तेव्हां चांदबिबी स्वतः खिंडारांत उभी राहिली आणि रातोरात तिनें तें बुजवून घेतलें. पुढें १६०० सालीं, ती शत्रूस मिळाली अशी आवई उठून, तिच्याच माणसांनीं तिला ठार केलें. त्या मुलास मीं हें सर्व सांगितलें. तो पुष्कळ वेळ तटाकडे पाहत राहिला.

१८०३ च्या ऑगस्टांत जनरल वेलस्लीनें हा किल्ला शिंद्यांकडून घेतला आणि १८१७ पासून तो इंग्रजांकडे कायमचा गेला. शत्रूस बाहेर ठेवण्यासाठीं बांधलेला तट इंग्रजांना माणसें आंत ठेवण्यास उपयोगी पडला. बोअर युद्धांतील कैदी नगरास आले, पहिल्या महायुद्धांत जर्मन आले. आणि ९ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईस पकडलेले काँग्रेसचे पुढारी आगगाडीनें येथें आणले गेले. ते बारा जण होते : नेहरू, आझाद, वल्लभभाई, पंत, कृपलानी, नरेंद्र देव, असफ अली, पट्टाभि, सय्यद महमूद, शंकरराव देव, प्रफुल्लचंद्र घोष आणि हरेकृष्ण महताब. त्यांच्या खोल्यांची ओळ आतां स्मारक म्हणून राखलेली आहे.

येथेंच १९४४ सालीं पांच महिन्यांत नेहरूंनीं 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलें. मौलाना आझाद टपालांत कधीं न पडलेलीं पत्रें लिहीत बसत; 'गुबारे खातिर' तें हेंच. तुरुंगाधिकाऱ्यास कैद्यांनीं चांदबिबीच्या काळच्या एका किल्लेदारावरून 'चीताखान' असें टोपणनांव दिलें होतें. १९४३ च्या आरंभीं मौलानांच्या पत्नी कलकत्त्यास अत्यवस्थ झाल्या. सरकारला कांहीं कळवावयाचें असेल तर तें तत्काळ पोंचवूं, असें अधिकाऱ्यानें सुचविलें. मौलानांनीं कांहीं एक मागण्याचें नाकारलें. एप्रिलमध्यें मृत्यूची तार आली.

हें मीं मोठ्या अभिमानानें सांगितलें आणि घड्याळाकडे पाहिलें. तों शिदोरीवाल्या बाई व्हरांड्याच्या पायरीवर खालीं बसल्या.

"माझे वडीलही बेचाळिसांत तुरुंगांत होते," त्या म्हणाल्या. "त्यांनीं अर्ज केला होता. आजी शेवटच्या घटका मोजत होती. आठ दिवस सोडा, मी पुन्हां हजर होतों, असा. सुटून आले, आजीला पाणी घातलें आणि परत गेले. परंतु पुढें जन्मभर त्या दिवसांची गोष्ट निघाली, कीं ते उठून जात. मला हें त्यांनीं कधीं सांगितलें नाहीं, आत्यानें सांगितलें."

कोणी बोलेना. मग त्याच म्हणाल्या, "मौलानांचें मोठेपण मला कळतें. पण माझ्या आजीला मुलाच्या हातचें पाणी मिळालें, तें मी उणें कसें म्हणूं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतें, आजही नाहीं. मीं कहाणी सांगितली होती ती न वांकणाऱ्याची. जे एकदां वांकले आणि पुन्हां दारांत येऊन उभे राहिले, त्यांच्या खोल्या राखलेल्या नसतात. त्यांचीं नांवें पाटीवर येत नाहींत. घरींदेखील तीं हळू आवाजांतच घेतलीं जातात.

आम्ही तेथेंच दशम्या सोडल्या असत्या, पण लष्करी आवारांत तशी मोकळीक कोठली! बाहेर येऊन एका झाडाखालीं बसलों. जेवतां जेवतां आणखी दोघांनीं आपापल्या घरच्या बेचाळिसांतल्या गोष्टी काढल्या. त्या कोणी पूर्वीं विचारल्या नव्हत्या, म्हणून सांगितल्या गेल्या नव्हत्या. उन्हें कलूं लागलीं तेव्हां सहांपैकीं चार स्थळें शिल्लक होतीं. "फराहबाग राहिली," मीं म्हटलें. बाई डबे आवरीत होत्या. त्या म्हणाल्या, "राहूं द्या. पुन्हां येऊं."

श्रोतेहो, आपणही मंडळींसह नगरास जाल, तर यादी अवश्य न्या. पण किल्ल्यास अर्धा तास नेमूं नका. आणि आपल्यासोबत कोणी वृद्ध माणूस असेल, तर त्यास तेथें अंमळ बसूं द्या.