चोर कोण, हे ठरवताना

श्रोतेहो, चिठ्ठ्या टाकून ‘राजा, राणी, चोर, शिपाई’ न खेळलेला माणूस आपल्या सातारा-सांगलीकडे विरळाच. त्याच जातीचा खेळ आता पोरांच्या मोबाईलवर आला आहे. १९८६ साली मॉस्को विद्यापीठात दिमित्री डेव्हिडॉफ याने ‘माफिया’ हा खेळ रचला. २०१८ मध्ये निघालेला ‘अमंग अस’ त्याच्याच कुळातला. २०२० च्या टाळेबंदीत तो जगभर पसरला. थोडे चोर एकमेकांना ओळखतात. पुष्कळ साव कोणालाच ओळखत नाहीत. रात्री चोर एका सावाला बाद करतात. दिवसा सगळे मिळून, मते घेऊन, संशयिताला बाहेर काढतात.

आता म्हणाल, पोराटोरांच्या खेळाला नियम कशाला? अहो, खो-खोसुद्धा ठिकठिकाणी निराळा चाले. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने नियम बसवले, तेव्हा त्याला एक माप मिळाले.

पहिला नियम चोरांच्या संख्येचा. सात गडी घ्या आणि दिवसापासून सुरुवात करा. चोर दोन असतील, तर सावांची एक चूक खपते. दुसऱ्या चुकीला दोन साव, दोन चोर उरतात आणि डाव हातचा जातो. चोर एकच असेल, तर दोन चुका खपतात. म्हणून नवख्या पोरांना एकच चोर द्यावा.

दुसरा नियम : बाद झालेल्याने तोंड मिटून बसावे. त्याला खरे कळलेले असते. त्याने डोळा मिचकावला, बाजूने निरोप धाडला, की खेळ संपलाच म्हणायचा.

तिसरा नियम सर्वांत मोलाचा. कारण सांगितल्याशिवाय मत नाही, आणि ज्याच्यावर आळ आला त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय निकाल नाही. मते समसमान पडली, तर कोणीच बाहेर जाऊ नये.

गुरुजींनी इथे जरा बारकाईने पाहावे. पहिल्याच फेरीत बाहेर कोण जातो? बहुधा वर्गात नवा आलेला, ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातला, नाहीतर वस्तीवरचा मुलगा. पुरावा काही नसतो. ‘तोच असणार’ एवढेच. श्रोतेहो, हे ‘तोच असणार’ साधे नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि जन्मावरूनच माणसांना चोर ठरवले. पारध्यांसारख्या जमातींना हजेऱ्या द्याव्या लागल्या. सोलापुरात तारेच्या कुंपणात वसाहत झाली. कायदा १९५२ साली रद्द झाला. पण चोरी झाली, की आधी पालाकडे पाहणारी नजर अजून पुरती गेलेली नाही.

ही नजर व्याख्यानाने फारशी बदलत नाही. खेळताना मात्र ‘कारण सांग’ असे सवंगड्यानेच दहादा विचारले, म्हणजे सवय लागते. तेव्हा गुरुजी, खेळ सुरू होण्याआधी हे तीन नियम फळ्यावर लिहा, डाव अर्धा असताना ते बदलू नका, आणि चौथा नियम पोरांनाच सुचवू द्या.