गोटी, आंबा आणि हाताचे शहाणपण



कामगारांचा माणूस व्यासपीठावर आला की तो पगारवाढीवरच बोलणार, अशी आपली समजूत असेल. आज आम्ही खेळावर बोलणार आहोत. शाळा आम्ही लवकर सोडली. तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी.

आमच्या ओळखीच्या एक आजी आहेत. तीस वर्षे त्यांनी काजूच्या कारखान्यात बिया फोडल्या. बी नुसती हातात घेतली तरी ती भरीव की पोकळ, हे त्या सांगतात. त्याच आजी टीव्हीचा रिमोट हाती आला की बिचकतात. चाळीसेक बटणे, वर बारीक इंग्रजी अक्षरे! नातू म्हणतो, "आजी, तुला काही कळत नाही." आम्ही म्हणतो, कळत नाही ते त्या यंत्राला, त्याला आजींचा हात ओळखता येत नाही.

हे ओळखणारे लोकही झाले. १९९२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधील ड्युरेल बिशप या विद्यार्थ्याने टेलिफोनवरचे निरोप साठविणारे एक यंत्र कल्पिले. निरोप आला की यंत्रातून एक गोटी बाहेर घरंगळावयाची. चार गोट्या दिसल्या की चार निरोप. गोटी खळग्यात ठेवली की निरोप ऐकू यावयाचा. टेलिफोनवर ठेवली की निरोप देणाऱ्याला फोन लागावयाचा. वाचावयाचे काही नाही. गलीत गोटी टाकणे आपल्या पोरांना शिकवावे लागते काय?

पुढे २०१२ साली अमेरिकेतील जे सिल्व्हर आणि एरिक रोझेनबॉम यांनी 'मेकी मेकी' नावाची पट्टी काढली. ती संगणकाला जोडावयाची, तिची एक तार फळाला लावावयाची व दुसरी हातात धरावयाची. फळाला बोट लावले की अत्यंत क्षीण वीज अंगातून वाहून मंडल पूर्ण होते आणि संगणकास वाटते, कळ दाबली. केळ्यांचा पियानो लोकांनी असाच वाजविला.

आमच्या कचेरीत पोरांनी केळ्यांऐवजी हापूस आंबे मांडले. रस असल्यामुळे आंबा चालतो, काजूचे बोंडही चालते; वाळलेली बी मात्र चालत नाही. एका बोंडाला बोट लावले की भजन सुरू, दुसऱ्याला लावले की बंद. आजी हसल्या आणि म्हणाल्या, "मग आमच्यासाठी आधी का नाही केलंत?"

या प्रश्नाला आमच्याजवळ एकच उत्तर आहे: त्या हातांना कोणी विचारलेच नाही. कारखान्यात नवे यंत्र येते तेव्हाही हेच होते. दांडा किती उंचीवर असावा हे दुसराच ठरवितो आणि पाठ आमच्या बाईची दुखते.

असली साधने आपल्याला करता येणार नाहीत, असे कोणी समजू नये. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. शाळा सुटलेली मुले तेथे काम करता करता शिकतात. २००२ साली तेथे फॅब लॅबही सुरू झाली.

एक इशारा मात्र देतो. वस्तू ओळखणारे यंत्र माणसावर पहाराही ठेवू शकते. फाटकावर दाखविलेले ओळखपत्र हजेरी लावते, तसे चहाला गेलेली मिनिटेही मोजू शकते. म्हणून खेळ कोणाच्या हातात आहे, हे पाहिले पाहिजे.

घरी गेल्यावर आपल्या आईला एवढेच विचारा: "हे यंत्र तुला कशाने चालवावेसे वाटेल?" उत्तर ऐकून घ्या, हसू नका. इतके सांगून आम्ही आपली रजा घेतो.